घरभाडं थकलंय आणि नादारीचा विचार मनात येतोय? मग या क्रमाने चला

नोकरी जाते, धंदा बसतो, घरातलं आजारपण लांबतं आणि बघता बघता तीन-चार महिन्यांचं भाडं अंगावर येतं. अशा वेळी कुणी घरमालकाचे फोन उचलणं बंद करतं. कुणी ओळखीतल्या माणसाच्या सांगण्यावरून ‘दिवाळखोरी जाहीर करून टाकू, सगळं माफ होईल’ असं ठरवून बसतं. दोन्ही वाटांनी नुकसान भाडेकरूचंच होतं, म्हणून हा लेख.

महाराष्ट्रात राहत्या घराचं भाडं थकलेल्या, कोर्टकचेरीचा अनुभव नसलेल्या माणसासाठी हे लिहिलं आहे. एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. नादारीचा, म्हणजे व्यक्तीच्या दिवाळखोरीचा, कायदा ठरावीक तारखेपर्यंतच्या जुन्या देण्याचा विचार करतो. तो घरात राहण्याचा हक्क देत नाही आणि त्या तारखेनंतरचं भाडंही माफ करत नाही. त्यामुळे देणं वाढणं आधी थांबवायचं, मग ते नेमकं किती आणि कुणाकुणाचं हे पाहायचं, आणि नादारीच्या अर्जाकडे त्यानंतर वळायचं.

पहिला टप्पा: तुम्ही कोण आहात ते करारात पाहा

बोलताना आपण सगळ्यांनाच ‘भाडेकरू’ म्हणतो, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे दोन अगदी वेगळ्या परिस्थिती आहेत.

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असेल, तर तुम्ही परवानाधारक आहात. मुदत संपली की घर सोडायचं, एवढाच तुमचा हक्क. पागडीच्या किंवा जुन्या भाडेपट्ट्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहत असाल, तर तुम्ही संरक्षित भाडेकरू आहात आणि तुमच्यासाठी कलम १५ मोलाचं आहे. घरमालकाला आधी थकबाकीची लेखी नोटीस द्यावी लागते. तिला नव्वद दिवस झाल्याशिवाय थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा दावा लावता येत नाही. दावा लागलाच, तरी समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सगळी थकबाकी, त्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला आणि पुढचं भाडं निकालापर्यंत नियमित भरत राहिलात, तर थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही. पागडीच्या घराची किंमत लक्षात घेता, अशा माणसाने दागिना मोडून का होईना, पण हे पैसे भरावेत. नादारीचा विचार त्याच्यासाठी फार पुढचा.

करार लेखी आणि नोंदणी केलेला असायला हवा, आणि ती जबाबदारी कलम ५५ प्रमाणे घरमालकाची आहे. त्याने ती पाळली नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही तोपर्यंत. ‘करारच नाही, म्हणजे मला काही हक्क नाही’ असं समजून घाबरू नका.

करारातल्या पाच गोष्टी कागदावर उतरवून घ्या: मुदत संपण्याची तारीख, महिन्याचं भाडं, अनामत रक्कम, लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो) आणि नोटिशीचा काळ, आणि सह्या कुणाकुणाच्या आहेत.

दुसरा टप्पा: मीटर बंद करा

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी हा भाग नीट वाचावा, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावरही घर सोडलं नाही, तर करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

समजा, पुण्यात २२,००० रुपये भाड्याचा फ्लॅट आहे, ६०,००० रुपये अनामत दिली आहे आणि शेवटच्या चार महिन्यांचं भाडं थकलं आहे. थकबाकी झाली ८८,०००. मुदत संपताच चावी दिली, तर अनामत वजा जाऊन २८,००० रुपये देणं उरतं. वीजबिल आणि किरकोळ दुरुस्ती वेगळी. तोच माणूस ‘बघू, काहीतरी होईल’ म्हणून आणखी तीन महिने राहिला, तर महिन्याला ४४,००० प्रमाणे १,३२,००० रुपये वाढतात आणि अनामत वजा करूनही देणं होतं १,६०,०००. पहिलं देणं गावाकडून, मित्रांकडून, हप्त्यांनी फिटू शकतं. दुसऱ्या देण्यापायी माणसं वकिलाकडे नादारीची चौकशी करायला जातात.

म्हणून भाडं परवडणार नाही हे कळलं की नोटिशीचा काळ मोजा आणि लेखी कळवा. ईमेल चालेल, रजिस्टर्ड पोस्ट उत्तम. घर सोडताना पुढच्या गोष्टी झाल्याशिवाय चावी हातातून सोडू नका:

- ताबा परत दिल्याचं पत्र, त्यावर तारीख आणि दोघांच्या सह्या
- वीज आणि गॅसच्या मीटरच्या आकड्यांचे फोटो
- प्रत्येक खोलीचा व्हिडिओ
- अनामतीतून काय वजा झालं याचा लेखी हिशेब

चावी वॉचमनकडे ठेवून निघून जाणं, कपाटात सामान सोडून जाणं, रात्रीत टेम्पो भरणं यातलं काहीही करू नका. ताबा कधी दिला हेच सिद्ध झालं नाही, तर दुप्पट दराचा वाद तुमच्या मागे लागतो. घरमालक चावी घ्यायला तयार नसेल, तर ‘अमुक तारखेपासून ताबा द्यायला तयार आहे’ अशी लेखी नोटीस द्या आणि पोचपावती जपून ठेवा.

लॉक-इन बाकी असताना निघालात, तर मालक उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं मागतो. करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम लिहिलेली असली, तरी मिळते ती त्या मर्यादेतली वाजवी भरपाई. घर पुढच्याच महिन्यात दुसऱ्याला दिलं गेलं असेल, तर उरलेल्या महिन्यांचं पूर्ण भाडं वसूल करणं मालकाला अवघड जातं. त्यामुळे तुम्ही गेल्यावर तिथे कोण आणि कधी राहायला आलं, याची नोंद असू द्या.

इथेच आणखी एक सांगतो, आणि कळकळीने सांगतो. भाडं भरण्यासाठी मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या अ‍ॅपला हात लावू नका. बहुतेक करारांत थकलेल्या भाड्यावर जबर व्याज नसतं आणि घरमालक हा समोर बसून बोलता येईल असा माणूस असतो. त्याचं देणं फेडायला महागडं कर्ज काढलं, की सावकार बदलतो आणि रक्कम फुगते.

तिसरा टप्पा: हे देणं नेमकं कुणाकुणाचं?

हिंजवडी, खराडी, ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये तिघे-चौघे मिळून राहतात. करारावर तिघांच्या सह्या असतील, तर ‘माझा एक तृतीयांश वाटा मी दिलाय’ हे मालकापुढे चालत नाही. करार कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे तो तिघांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. ज्याने ती भरली, त्याला इतर दोघांकडून त्यांचे वाटे वसूल करण्याचा हक्क असतो. आता त्यातला एक नादार ठरून पुढे त्याची कोर्टाने देण्यातून सुटका केली, तर सुटेल तो एकटा. १९२० च्या नादारी कायद्याच्या कलम ४४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की सुटका झालेल्या माणसाबरोबर जे देण्याला बांधील होते ते, आणि जामीनदार, यांतून मोकळे होत नाहीत. तुमच्यासाठी सही करणारा मामा किंवा ऑफिसातला मित्र त्यानंतर एकटाच मालकासमोर उभा असतो. अर्ज करण्याआधी त्या माणसाला विश्वासात घेणं हे माझ्या मते कायद्याइतकंच आवश्यक आहे.

करारावर सही नसलेली बायको, आई किंवा भाऊ केवळ त्या घरात राहत होते म्हणून भाड्याला जबाबदार ठरत नाहीत. भाडेकरू वारला, तर वारसांवर जबाबदारी येते ती त्यांच्या हाती आलेल्या त्याच्या मालमत्तेपुरती. मुलाने स्वतःच्या पगारातून वडिलांचं थकलेलं भाडं भरावं, असं कायदा म्हणत नाही.

फ्लॅट कंपनीच्या नावावर असेल आणि तुम्ही कर्मचारी म्हणून राहत असाल, तर भाडं कंपनीचं देणं. ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तर तिला २०१६ ची दिवाळखोरी संहिता लागू होते आणि कलम १४ च्या स्थगितीमुळे तिच्या वापरातल्या जागेचा ताबा मालकाला त्या काळात काढून घेता येत नाही. व्यक्तीच्या नादारीचे नियम यापेक्षा वेगळे आहेत, म्हणून कंपन्यांच्या बातम्या वाचून स्वतःचा अंदाज बांधू नका.

चौथा टप्पा: चेक शोधा

भाडं न देणं हा गुन्हा नाही. ते दिवाणी प्रकरण आहे आणि त्यावर फौजदारी कलमं लावता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. तेव्हा ‘पोलिसात देतो, आत टाकतो’ ही धमकी ऐकून गर्भगळीत होऊ नका.

चेकचं मात्र तसं नाही. करार करताना पुढच्या तारखांचे चेक दिले असतील आणि त्यातला एखादा पैसे नसल्यामुळे परत आला, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेक परतल्याचं कळल्यावर मालकाने तीस दिवसांत नोटीस द्यायची असते आणि नोटीस मिळाल्यावर तुमच्याकडे पंधरा दिवस असतात. थोडेफार पैसे जमले, तर ते या पंधरा दिवसांसाठी वापरावेत. नादारीच्या अर्जाने हा खटला आपोआप संपत नाही.

म्हणून मालकाकडे न वटवलेले किती चेक आहेत ते आजच मोजा. खात्यात पैसे नसणार हे माहीत असेल, तर चेक लावण्याआधी लेखी विनंती करून ते परत मागा आणि त्याऐवजी हप्ते ठरवा.

पाचवा टप्पा: कोर्टाचा कागद आला तर

लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर ताब्यासाठी मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे भाडे नियंत्रण कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जातो. तिथून समन्स आलं, तर प्रतिज्ञापत्र दाखल करून बाजू मांडण्याची परवानगी मागायला तीस दिवस मिळतात. ते गेले, की आदेश बहुतेक एकतर्फीच होतो. समन्स घ्यायला नकार देऊन काहीही टळत नाही.

थकलेल्या भाड्याची वसुली हा स्वतंत्र दावा आहे आणि त्याला भाडं देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. ही मुदत संपण्याआधी तुम्ही ‘हो, माझ्याकडे इतके बाकी आहेत’ असं सही करून लिहून दिलंत किंवा काही रक्कम भरून तशी लेखी नोंद केलीत, तर तीन वर्षं नव्याने मोजली जातात. देणं मान्य करणं प्रामाणिकपणाचं आहे, जरूर करा. फक्त लिहिताना आकडा तपासून लिहा. दुप्पट भरपाई आणि रंगकामाचा अवाजवी खर्च धरलेला आकडा रागाच्या किंवा घाईच्या भरात मान्य करू नका.

निकाल विरोधात गेला, तरी सगळं घर उचलून नेता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं आणि भविष्य निर्वाह निधी यांवर जप्ती येत नाही. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. पगार ४०,००० असेल, तर जास्तीत जास्त १३,००० रुपये कापले जातील. पैशाच्या हुकूमनाम्यात, म्हणजे पैसे भरण्याच्या कोर्टाच्या निकालात, बाईला अटक करता येत नाही. पुरुषालाही केवळ पैसे नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असूनही तो टाळतोय हे दिसावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच हे स्पष्ट केलं आहे.

निकालाच्या वेळी हप्ते बांधून मागता येतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. वकिलाला आवर्जून सांगा. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अपंगांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

सहावा टप्पा: नादारीचा अर्ज, खरंच गरज असेल तर

देणं फक्त भाड्याचं आणि लाखभराच्या आत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: हा अर्ज करू नका, तडजोड करा. भाड्याबरोबर क्रेडिट कार्डं, हातउसने, बुडालेल्या धंद्याची उधारी असा डोंगर असेल आणि फेडीची कसलीच शक्यता दिसत नसेल, तरच पुढे वाचा.

२०१६ च्या संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, पण फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. सामान्य भाडेकरूला अजून जुनेच कायदे लागतात. मुंबईत १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी कायदा आणि अर्ज उच्च न्यायालयात. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर अशा ठिकाणी १९२० चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी कायदा आणि अर्ज जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत. देणं किमान ५०० रुपयांचं हवं, ही त्या काळची अट अजून कागदावर तशीच आहे.

अर्जात सगळी देणी, सगळे धनको (ज्यांचे पैसे द्यायचे ते) आणि सगळी मालमत्ता लिहावी लागते. एखाद्याचं नाव लाजेपोटी गाळू नका. घरमालकाकडे अडकलेली अनामत ही तुमची मालमत्ता आहे, तीही लिहा. कोर्टाने नादार ठरवलं, की तुमची जप्तीयोग्य मालमत्ता मुंबईत ऑफिशियल असायनीकडे (नादाराची मालमत्ता सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) आणि इतरत्र कोर्टाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. त्यानंतर जुन्या देण्यासाठी कुणालाही कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर दावा लावता येत नाही. यातला दिलासा मोठा आहे, रोजचे फोन आणि दारावरची माणसं यांना उत्तर मिळतं.

पण नादार ठरल्याच्या तारखेनंतर घरात राहिलात, तर पुढचं भाडं नव्याने तुमच्या डोक्यावर चढतं. ताब्याची मागणी ही घराबद्दलची असते, ती पैशाच्या वसुलीत मोडत नाही. नादारीची ढाल तिथे चालेल असं धरून बसू नका.

अर्जाआधीच्या महिन्यांत काय केलंत, तेही तपासलं जातं. तीन महिन्यांच्या आत एकाच धनकोला मुद्दाम झुकतं माप देऊन पैसे दिले असतील, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. दोन वर्षांच्या आत बक्षीसपत्र करून भावाच्या नावावर केलेली जमीनही परत ओढली जाऊ शकते. मालमत्ता लपवणं हा गुन्हा आहे.

नादार ठरणं आणि देण्यातून सुटणं या दोन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. सुटकेसाठी कोर्टाने दिलेल्या मुदतीत वेगळा अर्ज करावा लागतो. तो राहून गेला, तर आधीचा आदेश रद्द होतो आणि सगळी देणी पुन्हा जिवंत होतात. मालमत्ता देण्याच्या निम्मीही नसेल, म्हणजे कायद्याच्या भाषेत रुपयाला आठ आणेही भरत नसतील, तर हे तुमच्या चुकीमुळे झालेलं नाही असं दाखवावं लागतं. नाहीतर पूर्ण सुटका नाकारली जाते. कामावरून कमी केल्याचं पत्र, दवाखान्याची बिलं, बंद पडलेल्या दुकानाचा हिशेब हे कागद इथे उपयोगी पडतात. आजपासूनच एका फाइलमध्ये लावायला लागा. सरकारी देणी आणि फसवणुकीतून झालेली देणी सुटकेनंतरही कायम राहतात. खोटी पगारपत्रकं दाखवून घर घेतलं असेल, तर मालक नेमकं त्याच मुद्द्यावर बोट ठेवेल.

सुटका होईपर्यंत आमदार-खासदार होता येत नाही, कंपनीचं संचालकपद भूषवता येत नाही, आणि १९२० च्या कायद्याखाली आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपयांचीही उधारी घेता येत नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे वही चालू असेल, तर त्यालाही सांगावं लागेल. गावात धंदा करणाऱ्यासाठी ही गोष्ट हलकी नाही.

घरमालकांसाठी थोडक्यात

भाडेकरू नादार ठरल्याची नोटीस आली, तर दुर्लक्ष करू नका. थकबाकीचं प्रतिज्ञापत्र करार आणि हिशेबासह वेळेत पाठवलं नाही, तर वाटपाच्या वेळी तुम्ही यादीतच नसता. मुंबईच्या कायद्यात घरमालकाला एका महिन्याच्या भाड्यापुरतं अग्रक्रमाचं स्थान आहे; बाकीची रक्कम इतर धनकोंच्या रांगेत. अनामत आणि थकबाकी एकमेकांत वळती करता येते, त्यामुळे हिशेब स्वच्छ ठेवा. पैसे अडकले म्हणून वीज-पाणी तोडू नका आणि कुलूप बदलू नका. संरक्षित भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे. बेकायदा बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागायला कोर्टात जाऊ शकतो.

सातवा टप्पा: तडजोड झाल्यावरचे कागद

बहुतेकांचं प्रकरण तडजोडीने मिटतं आणि ते चांगलंच आहे. हप्ते ठरले, की एका पानावर एकूण रक्कम, प्रत्येक हप्त्याची तारीख आणि ‘एवढे मिळाल्यावर भाडं, भरपाई, दुरुस्ती यांपैकी काहीही बाकी राहणार नाही’ हे वाक्य लिहून घ्या. करारावर सही करणाऱ्या सगळ्या रूममेट्सची आणि जामीनदाराची नावं त्यात घाला, म्हणजे तेही मोकळे होतात. पैसे बँकेतून पाठवा, रोख दिले तर पावती घ्या. शेवटच्या हप्त्याला उरलेले चेक परत मागा, एकेकाचा नंबर जुळवून पाहा आणि ते रद्द करा. ताब्याचं पत्र, हा कागद आणि बँकेच्या नोंदी शेवटच्या हप्त्यापासून निदान तीन वर्षं सांभाळा. कोर्टात हुकूमनामा झालेला असेल, तर बाहेर पैसे देऊन थांबू नका. रक्कम मिळाल्याची नोंद त्याच कोर्टात करून घ्या, कारण हुकूमनाम्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते आणि कोर्टात नोंद नसलेली फेड तिथे ग्राह्य धरली जात नाही.